करडांची हगवण : जंतावरच्या औषधाने न थांबणारी

परवा मोखाड्याच्या एका पाड्यावर पडवीत दोन करडं मान टाकून बसलेली पाहिली. शेपटीखाली केस चिकटलेले, लेंड्यांऐवजी काळपट पातळ हगवण, त्यात शेंब आणि रक्ताची रेघ. जंताचं औषध आधीच पाजून झालं होतं.

ते लागू पडलं नाही, कारण हे लक्षण बहुतेक वेळा कॉक्सिडियाचं. हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत वाढतो आणि त्या फोडून बाहेर पडतो, म्हणून रक्त. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल त्याच्यावर चालत नाही.

तीन आठवडे ते पाच महिन्यांची करडं याच्या तावडीत जास्त सापडतात. मोठी शेळी ठणठणीत दिसते, पण तिच्या लेंड्यांतून परजीवीची अंडी पडत राहतात. ओल आणि ऊब मिळाली की काही दिवसांत ती रोग पसरवायला तयार! जव्हार-मोखाड्याच्या पावसात ओल्या पडवीत दुसरं काय होणार?

डुकराच्या पिल्लांनाही साधारण दुसऱ्या आठवड्यात कॉक्सिडियाची हगवण लागते, पण तो परजीवी वेगळा. कोंबड्यांचाही वेगळा. ते दोन्ही शेळ्यांना लागत नाहीत.

औषध अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं, पण मात्रा डॉक्टरच वजनावर ठरवतील. तोवर मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजत राहा. साधं फिनाईल या अंड्यांना मारत नाही, कोरडेपणा आणि ऊन मारतं. करडांना बांबूच्या उंच मचाणावर ठेवा, चारा-पाणी जमिनीवर नको.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ताज्या हगवणीचा नमुना स्वच्छ डबीत न्या. काही शंका असतील तर खाली विचारा, करडाचं वय आणि हगवणीचा रंग नक्की लिहा.