व्होल्टेज उतरते कुठे?

घरगुती सौरसंचात सर्वाधिक तक्रार बॅटरीची असते आणि सर्वाधिक वेळा चुकीचा ठपकाही बॅटरीवरच येतो. संध्याकाळी दिवे मंदावले, पंखा रखडला, इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडला, की ‘बॅटरी गेली’ असा निकाल लागतो आणि दहा-पंधरा हजारांचा खर्च समोर उभा राहतो. प्रत्यक्षात दोष बारीक वायरीत, ढिल्या जोडात, कंट्रोलरच्या चुकीच्या सेटिंगमध्ये किंवा वाढलेल्या वापरातही असू शकतो. तो कुठे आहे हे शोधायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. मात्र आकडा केव्हा आणि कुठे मोजला, हे ठाऊक असावे लागते.

वीजजाळ्यापासून दूर असलेल्या घरांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि डीसी उपकरणासाठी एक सॉकेट असा संच ठरवलेला होता. शेतघरांवर लोक स्वतःच्या पैशाने बसवतात तो संचही साधारण याच आकाराचा, फक्त त्यात बहुधा इन्व्हर्टर जोडलेला असतो. पॅनेलपासून चार्ज कंट्रोलर, कंट्रोलरपासून बॅटरी आणि तिथून दिवे-पंखा किंवा इन्व्हर्टर, असा विजेचा प्रवास असतो. या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज मोजता येते.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेल सुमारे २ व्होल्टचा, म्हणून ती ‘१२ व्होल्टची’ म्हणायची. खरे तर पूर्ण भरलेली आणि विसावलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी उतरलेली आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम एका व्होल्टचे अंतर आहे, आणि म्हणूनच दशांश चिन्हापुढचा आकडा वाचायचा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवावा, तांबडी तार धन टोकाला आणि काळी ऋण टोकाला लावावी. मल्टिमीटरची स्वतःची बॅटरी उतरलेली असेल तर बरेच स्वस्त मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात, हे आधी तपासलेले बरे.

‘विसावलेली’ हा शब्द इथे महत्त्वाचा. चार्जिंग चालू असताना मोजलेले व्होल्टेज फुगलेले असते आणि लोड चालू असताना मोजलेले दबलेले. नुकत्याच धावून आलेल्या माणसाची नाडी पाहून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधण्यातला हा प्रकार. दुपारी १३.८ दाखवणारी बॅटरी निम्मी रिकामी असू शकते, आणि पंप चालू असताना ११.९ दाखवणारी बॅटरी ठणठणीत असू शकते. म्हणून सगळे लोड बंद करून, पॅनेलवर ऊन पडण्याआधी, पहाटे घेतलेला आकडा सर्वांत भरवशाचा. बॅटरीला काही तास विसावा मिळालेला असेल तर उत्तमच.

पहाटेच्या या एका आकड्याला दुपारच्या आणि रात्रीच्या आकड्याची जोड दिली की चित्र स्पष्ट होऊ लागते. निरभ्र दुपारी भरत आलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज १४.४ च्या आसपास चढायला हवे. काही वेळ तिथे राहून ती भरली, की कंट्रोलर ते १३.५ ते १३.८ वर उतरवतो आणि तिथेच धरून ठेवतो. लख्ख ऊन असूनही दिवसभरात आकडा १३ च्या पुढे सरकतच नसेल, तर एक तर बॅटरीपर्यंत पुरेसा विद्युतप्रवाह पोचत नाही, किंवा रात्री इतके खर्च होते की दिवस भरपाईला पुरत नाही.

यातला दुसरा संशय कागदावर फेडता येतो. २५ वॉटचा पंखा दहा तास, सात वॉटचे पाच दिवे पाच तास आणि ३५ वॉटचा टीव्ही पाच तास चालला, तर रोजचा खर्च सुमारे ६०० वॉट-तास होतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत एकूण साठा १२०० वॉट-तासांचा. लेड-ॲसिड बॅटरीने रोज निम्म्याच्या खाली जाऊ नये, म्हणून वापरायला मिळतात तेही ६००च. हिशेब कसाबसा जुळतो, आणि त्यात इन्व्हर्टर धरलेलाच नाही. काहीही चालवत नसताना नुसता चालू ठेवलेला छोटा इन्व्हर्टर १० ते २० वॉट खात बसतो. १५ वॉट धरले तरी चोवीस तासांत ३६० वॉट-तास झाले. एवढ्यात घरातले सगळे दिवे दोन रात्री चालले असते! त्यात पावसाळ्याच्या ढगाळ आठवड्यांत पॅनेलचे उत्पन्न घसरते. अशा दिवसांत पहाटे ११.९ दिसणे हा बॅटरीचा दोष नाही, उपाशी राहिल्याची ती खूण आहे.

पहिला संशय, म्हणजे प्रवाह पोचत नसल्याचा, मात्र मीटर घेऊनच तपासावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या पॅनेलमध्ये ३६ सेल असतात आणि काहीही न जोडता, भर उन्हात त्याचे व्होल्टेज २० च्या आसपास येते. ते १० च्या घरात अडकले असेल, तर पॅनेलमागच्या पेटीतला बायपास डायोड शॉर्ट होऊन निम्मे पॅनेल निकामी झाले असण्याची शक्यता मोठी. असे पॅनेल १२ व्होल्टची बॅटरी भरू शकत नाही. पीडब्ल्यूएम प्रकारचा साधा कंट्रोलर जोडलेला असताना मात्र पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीजवळ खाली ओढले जाते. त्यामुळे चार्जिंग चालू असताना पॅनेलच्या टोकांवर १३.५ दिसले तर ते बिघाडाचे लक्षण नव्हे. उलट, दुपारी बॅटरी १२.३ वर असताना पॅनेलची टोके जोडलेल्या स्थितीतही २० दाखवत असतील, तर कंट्रोलर प्रवाह घेतच नाही. अशा वेळी आधी फ्यूज पाहावा, मग कंट्रोलर. एखाद्या फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्नात मोठी घट येते, हेही विसरता कामा नये.

दुर्लक्षित राहतात त्या वायरी. १० अँपिअर प्रवाह २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून पाच मीटर अंतरावर नेला, तर जाण्यायेण्याच्या दहा मीटरमध्ये सुमारे पाऊण व्होल्ट गळतो. कंट्रोलर स्वतःच्या टोकांवर १४.४ मोजतो आणि बॅटरी भरत आली असे समजून प्रवाह कमी करू लागतो. बॅटरीच्या टोकांवर तेव्हा जेमतेम १३.७ असते. रोज थोडीथोडी अर्धपोटी राहिलेली बॅटरी काही महिन्यांत सल्फेट धरते आणि मग खरोखरच निकामी होते. कंट्रोलर बॅटरीजवळ बसवणे आणि वायर जाड घेणे हा स्वस्त उपाय असूनही बसवणारे बहुधा वायरीतच पैसे वाचवतात.

जोडांची तपासणी आणखी सोपी. लोड चालू ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर कसलेल्या लगवर टेकवावी. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळ असतो, ०.२ किंवा त्याहून अधिक दिसला तर तिथे गंज किंवा ढिलाई आहे. अशाच रीतीने, लोड चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १२.३ आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर ११.२ आले, तर बॅटरी निर्दोष आहे आणि ११ व्होल्टला बंद होणाऱ्या इन्व्हर्टरची अडचण मधल्या वायरीत किंवा जोडात आहे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा. ते पाणी सेलमध्ये जाता कामा नये. नंतर जोड कसून वर पेट्रोलियम जेली लावावी.

हे सगळे ठीक निघाले तरच बॅटरीकडे वळायचे. पूर्ण चार्जिंगनंतर विसावूनही ती १०.५ च्या आसपासच थांबत असेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालेला आहे. विसाव्यात १२.७ दाखवून हलक्या लोडलाही क्षणात ११ वर कोसळत असेल, तर तिची क्षमता संपली. झाकणे उघडणाऱ्या ट्युब्युलर बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक सेलचे विशिष्ट गुरुत्व पाहता येते. भारतात मिळणाऱ्या अनेक ट्युब्युलर बॅटऱ्यांत ते पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास असते. इथे बाकीच्या सेलपेक्षा एखादाच ०.०३० ने खाली असणे, हे त्या सेलविरुद्ध ठोस पुरावा ठरते. पाणी नुकतेच घातले असेल तर ही चाचणी फसवी ठरते. भरीसाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, ॲसिड नव्हे. २४ व्होल्टच्या संचात दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, कारण एकूण २४.६ च्या मागे १२.९ आणि ११.७ लपलेले असू शकतात. नवी बॅटरी जुन्या बॅटरीला जोडून दिल्यावर असेच होते.

व्होल्टेज जास्त चढणे हीसुद्धा तक्रारच. उष्णतेत बॅटरीला कमी व्होल्टेज लागते: २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण ०.०२४ व्होल्ट. विदर्भातल्या मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत १४.४ ऐवजी १४ पुरे. तापमान न ओळखणारा कंट्रोलर असेल तर पाणी भराभर आटते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला वरचे आकडे लावू नयेत. तिचे व्होल्टेज क्षमतेच्या मोठ्या भागात १३.० ते १३.३ मध्ये सपाट राहते, त्यामुळे केवळ व्होल्टेजवरून किती साठा उरला ते कळत नाही. तिच्या टोकांवर अचानक शून्य दिसले, तर बहुधा आतल्या संरक्षक सर्किटने ती तोडलेली असते; योग्य चार्जर जोडल्यावर बऱ्याचदा ती परत जागी होते. कंट्रोलरची सेटिंगही लिथियमसाठी बदललेली हवी.

तपासणी करताना अंगठी-कडे काढून ठेवावे, पान्याचे दुसरे टोक विरुद्ध खुंटाला लागू देऊ नये आणि विडी-काडी दूर ठेवावी, कारण चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते. जोडणी सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. उलट क्रमाने जोडल्यास स्वतः व्होल्टेज ओळखणारे काही कंट्रोलर १२ चा संच २४ चा समजतात.

एवढे करून बॅटरी खरोखर मेलेली ठरलीच, तर ती भंगारवाल्याकडे न देता नवी घेताना विक्रेत्याला परत करावी. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि शिशाला भाव असल्यामुळे दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत त्याची वजावटही देतो.