विश्लेषण : युरोपची ग्रुप टूर बुक करताय? कंपनी काय पाहते आणि पर्यटकाने काय पाहायचे?

विमान, हॉटेल, बस, नाश्ता आणि रात्रीचे भारतीय जेवण, सगळे पॅकेजमध्ये. सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर. मुलांच्या परीक्षा संपल्यावर युरोपला निघणारी कुटुंबे आणि निवृत्त दाम्पत्ये ग्रुप टूर निवडतात ती याच निर्धास्तपणासाठी. अनेक घरांत त्यासाठी आयुष्यभराच्या बचतीतला मोठा वाटा खर्च होतो. मात्र पासपोर्टची मुदत कमी पडली, व्हिसा नाकारला गेला किंवा परदेशात रुग्णालय गाठावे लागले, तर भुर्दंड पर्यटकालाच बसतो. त्यामुळे काही गोष्टी कंपनीवर न सोडता स्वतः तपासणे आवश्यक ठरते.

पासपोर्टमध्ये काय पाहावे?

फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली यांसह २९ देश शेंगेन क्षेत्रात येतात. या क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत किमान ३ महिने शिल्लक असावी आणि त्यात किमान २ पाने कोरी असावीत, असा नियम आहे. प्रत्यक्षात ६ महिने मुदत हाताशी असलेली बरी. लहान मुलांचा पासपोर्ट १० नव्हे, तर जास्तीत जास्त ५ वर्षांचा असतो. आई-वडिलांचा पासपोर्ट चालू असतो आणि मुलाचा संपलेला असतो, हे बुकिंग झाल्यावर लक्षात येते.

दुसरा मुद्दा नावाचा. लग्नानंतर बदललेले आडनाव आधार आणि पॅनवर एक, पासपोर्टवर दुसरे असेल, तर बुकिंग पासपोर्टवरील नावानेच करावे. तिकिटावरील स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे.

व्हिसासाठी अर्ज कधी करावा?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयासाठी साधारण १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळी हंगामात व्हिसा केंद्रात वेळ मिळणे हीच मोठी अडचण असते. त्यामुळे मे महिन्यातील टूरसाठी कागदपत्रांची जमवाजमव डिसेंबर-जानेवारीतच सुरू करावी. बँक स्टेटमेंट, प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजेचे पत्र आणि निवृत्तांसाठी पेन्शनचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरल्यास शंका निर्माण होते.

टूरमध्ये लंडन असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. दोन्ही व्हिसांसाठी पासपोर्ट एकापाठोपाठ एक द्यावा लागत असल्याने वेळ वाढतो.

व्हिसा नाकारला गेला तर?

निर्णय पूर्णपणे दूतावासाचा असतो, कोणतीही टूर कंपनी व्हिसाची हमी देऊ शकत नाही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. केंद्राचे सेवा शुल्क वेगळे.

खरे नुकसान पॅकेजच्या रकमेचे होते. अनेक कंपन्यांच्या करारात निघण्याच्या तारखेपूर्वी किती दिवस टूर रद्द झाली, त्यानुसार कपात वाढत जाते आणि व्हिसा नाकारला गेला तरी तीच कपात लागू होऊ शकते. पती-पत्नींपैकी एकाचाच व्हिसा आला तर दुसऱ्याचे पैसे परत मिळतील का, हा प्रश्न पहिला हप्ता भरण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर ई-मेलवर घ्यावे. फोनवरील आश्वासन पुढे उपयोगी पडत नाही.

जाहिरातीतील किंमत आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक का पडतो?

जाहिरातीतील आकड्यात जीएसटी, टीसीएस, व्हिसा शुल्क, टूर मॅनेजर व बसचालकाची टिप, दुपारचे जेवण आणि ऐच्छिक स्थळदर्शन असेलच असे नाही. दराचा काही भाग युरोमध्ये असेल, तर विनिमय दर बुकिंगच्या दिवसाचा की शेवटच्या हप्त्याच्या दिवसाचा, हेही विचारावे.

परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस वसूल करते. हा वेगळा कर नसून प्राप्तिकराची आगाऊ वसुली असते. ही रक्कम पर्यटकाच्या पॅनवर जमा होते, फॉर्म २६एएसमध्ये दिसते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते. ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही, त्यांनाही विवरणपत्र भरून ती परत मागता येते. मात्र मुलाने आई-वडिलांच्या टूरचे पैसे भरले असतील, तर टीसीएस कोणाच्या पॅनवर जमा होणार, हे बुकिंगच्या वेळीच ठरवावे.

विमा पॅकेजमध्ये असतो, मग आणखी काय पाहायचे?

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण बंधनकारक आहे. कंपनी अनेकदा एवढाच विमा काढते. मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी यांसारख्या आधीच्या आजारांमुळे उद्भवलेला खर्च त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचावे. आजार लपवून काढलेल्या पॉलिसीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जास्तीचा हप्ता भरून आधीच्या आजारांचा समावेश करून घेणे ज्येष्ठांसाठी महत्त्वाचे. पॉलिसीवरील मदत क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवावा. युरोपात आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

डॉक्टरांचा सल्ला कशासाठी?

स्वित्झर्लंडच्या बहुतेक टूरमध्ये युंगफ्राउयोख किंवा टिटलिस असते. युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे, म्हणजे ही उंची त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. रेल्वे थोड्या वेळात इतके वर नेते की शरीराला जुळवून घ्यायला सवड मिळत नाही. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी त्या दिवसाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. वर गेल्यावर चक्कर किंवा धाप लागली, तर लगेच टूर मॅनेजरला सांगून खाली यावे.

औषधे पूर्ण टूरला पुरतील एवढी आणि ४-५ दिवसांची जास्त घ्यावीत. मूळ वेष्टनात, औषधाचे जेनेरिक नाव लिहिलेल्या प्रिस्क्रिप्शनसह ती हँडबॅगेतच ठेवावीत. चेक-इन केलेली बॅग एक-दोन दिवस उशिरा येऊ शकते.

पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत?

परदेशी चलनाच्या नोटा एका प्रवासात ३ हजार डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात. बहुतेक रक्कम फॉरेक्स कार्डवर आणि थोडी सुटी रोख, ही विभागणी सोयीची. अनेक ठिकाणी स्वच्छतागृहासाठी पैसे मोजावे लागतात, त्यासाठी नाणी जवळ असावीत. स्वित्झर्लंडचे चलन युरो नव्हे, तर स्विस फ्रँक आहे.

बँकेचे कार्ड नेणार असाल, तर त्यावरील आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सुविधा ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करावी, ती अनेकदा बंद असते. दुकानातील मशीनने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारल्यास युरो निवडावेत. रुपयांचा पर्याय दिसायला सोपा असला, तरी त्यातला विनिमय दर सहसा महाग पडतो.

बॅगेत काय चालते, काय नाही?

चिवडा, खाकरा, चटणीची कोरडी पूड नेता येते. मात्र युरोपीय संघात प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. लोणचे हँडबॅगेत नेल्यास त्याला द्रवपदार्थांचा १०० मिलीचा नियम लागू शकतो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हँडबॅगेतच ठेवावी. साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २० हजार एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे ती मर्यादेत बसते. चार्जरसाठी व्होल्टेज बदलावे लागत नाही, पण पिनेचा आकार वेगळा असल्याने युनिव्हर्सल ॲडॅप्टर घ्यावा.

बसला उशीर का चालत नाही?

युरोपात बसचालकाच्या कामाच्या तासांवर कडक नियम आहेत. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती आणि दिवसात साधारण ९ तासांपेक्षा जास्त चालवणे नाही. बसमधील यंत्रात याची नोंद होते आणि उल्लंघन झाल्यास दंड होतो. म्हणूनच खरेदीत एका कुटुंबाने लावलेला अर्धा तास उशीर संध्याकाळच्या स्थळदर्शनातून वजा होऊ शकतो. शहरांत बस प्रेक्षणीय स्थळापासून दूर उभी राहते, त्यामुळे चालणेही बरेच होते. किमान महिनाभर आधीपासून रोज ४-५ किलोमीटर चालण्याचा सराव करावा आणि नवे बूट टूरवर पहिल्यांदा घालू नयेत.

फसवणूक झाल्यास दाद कुठे मागावी?

कंपनी जुनी आणि मोठी असणे ही हमी नाही. १७५८ पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. त्यामुळे संपूर्ण रक्कम फार आधी भरू नये, ती कंपनीच्याच खात्यात भरावी आणि प्रत्येक पावती, टूरचा कार्यक्रम व अटींची प्रत जपून ठेवावी. ठरलेले हॉटेल किंवा स्थळ वगळले गेले, तर तिथेच टूर मॅनेजरला लेखी कळवावे आणि फोटो काढून ठेवावेत.

परत आल्यावर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. उपयोग न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी नाशिक किंवा कोल्हापूरच्या पर्यटकाला त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.