वृद्धाश्रमातील अखेरचे दिवस आणि सेवकवर्गाचे प्रशिक्षण

परिसरातील वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या सेवकवर्गासाठी आपल्या रुग्णालयाच्या वतीने पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजेच उपशामक शुश्रूषेचे, प्रशिक्षण देण्यात येते. या उपक्रमाविषयी काही सन्माननीय सभासदांनी व देणगीदारांनी एक रास्त प्रश्न उपस्थित केला आहे. जे आश्रम आपल्या न्यासाचे नाहीत, तेथील मावशी व मामांना शिकविण्यासाठी न्यासाने पैसा व आपल्या परिचारिकांचा वेळ का खर्चावा, असा तो प्रश्न आहे. त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पहिले उत्तर आपल्या कॅज्युअल्टी विभागात मिळते. वृद्धाश्रमातून मध्यरात्री रुग्णवाहिका येते. आत ऐंशी-नव्वदीच्या आजी असतात. कित्येक महिन्यांपासून त्या अंथरुणाला खिळलेल्या, आठवडाभर अन्नपाणी जवळजवळ सुटलेले, आणि आता घरघर लागलेली. सोबतच्या मावशींना एवढेच सांगितलेले असते की, काही झाले तरी आश्रमात होऊ नये. मग नियमाप्रमाणे सलाईन, प्राणवायू, नाकातून नळी, अतिदक्षता विभागातील खाट. ज्या खोलीत आजी दहा वर्षे राहिल्या, ती खोली, शेजारची मैत्रीण आणि ओळखीचा आवाज यांपासून दूर, अनोळखी दिव्यांखाली त्यांचा शेवट होतो. यात आश्रमचालक निर्दय नसतात. ते घाबरलेले असतात, आणि त्यांना वेगळे काय करता येते हे कोणी सांगितलेलेच नसते.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपचार थांबविणे, अशी एक समजूत सुशिक्षितांमध्येही आढळते. ती बरोबर नाही. आजार बरा होण्याजोगा नसला, तरी वेदना, धाप, मळमळ, बद्धकोष्ठ, निद्रानाश, भीती आणि एकाकीपणा यांवर उपाय असतात. ते उपाय वेळेवर व नेमाने करणे म्हणजे ही शुश्रूषा होय. तिचा आधुनिक पाया डेम सिसिली सॉन्डर्स यांनी घातला. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका व त्यानंतर डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडन येथे सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्या देशातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे उभे राहिले. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे सुरू झालेल्या कार्यातून केरळात स्वयंसेवकांच्या बळावर घरोघरी सेवा पोहोचली व २००८ मध्ये त्या राज्याने या विषयाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. पुण्यात वारजे येथील केंद्र १९९७ पासून कार्यरत आहे. यातील बरेचसे काम कर्करोगाच्या रुग्णांपासून सुरू झाले. वृद्धाश्रमातील चित्र मात्र निराळे आहे. तेथे पक्षाघात, हृदयाची दुर्बलता, जुनाट दमा, मूत्रपिंडाचा विकार, कंपवात आणि स्मृतिभ्रंश हे आजार अधिक आढळतात. ते वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि शेवट कधी सुरू झाला हे कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रशिक्षणाचा सर्वात मोठा भाग वेदना ओळखण्याचा असतो. ज्यांना बोलता येते त्यांना विचारावे; विचारण्याची सवय लावणे हेच एक काम आहे, कारण आपले वृद्ध ‘वयाचे दुखणे’ म्हणून मुकाट सोसतात. खरा प्रश्न स्मृतिभ्रंश झालेल्यांचा. अंगावर हात टाकणारे, आंघोळीला नकार देणारे, रात्रभर ओरडणारे आजोबा ‘त्रासदायक’ ठरतात व त्यांना झोपेची गोळी दिली जाते. वास्तविक त्यांचा खुबा दुखत असतो, किंवा चार दिवस शौचास झालेले नसते. अशा रुग्णांसाठी २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी आम्ही शिकवितो. श्वासाची गती, तोंडातून निघणारे आवाज, चेहऱ्यावरील भाव, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टी पाहून प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यावयाचे; बेरीज दहापर्यंत जाते. शाळा अर्धवट सोडलेल्या मावशींनाही ती सहज जमते. किंबहुना चेहरा वाचण्यात त्या पदवीधरांपेक्षा सरस ठरतात, असे आमच्या परिचारिकांचे मत आहे. उणीव असते ती पाहिलेले लिहून ठेवण्याची व ते डॉक्टरांना ठामपणे सांगण्याची. ‘आजी कण्हतात’ हे वाक्य फोनवरून फारसे वजनदार ठरत नाही. ‘सकाळी कूस बदलताना सात गुण, गोळीनंतर तासाभराने तीन’ हे वाक्य ठरते. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना नोंदवहीचे महत्त्व निराळे पटवावे लागत नाही.

दुसरा विषय मॉर्फिनचा, आणि येथे भीती सर्वाधिक. मॉर्फिन म्हणजे शेवट, मॉर्फिन म्हणजे व्यसन, असा समज आश्रमांतच काय, काही डॉक्टरांमध्येही आहे. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांनी अल्प मात्रेपासून सुरू करून बेताने वाढविलेले तोंडाने घेण्याचे मॉर्फिन आयुष्य कमी करीत नाही. साधी गोळी साधारण चार तासांनी द्यावी लागते, ‘दुखेल तेव्हा’ नव्हे. वेदना पुन्हा डोके वर काढण्याआधी पुढची मात्रा पोटात जावी, हे त्यामागील तत्त्व आहे. बद्धकोष्ठ जवळजवळ हमखास होते, म्हणून सोबत रेचक हवेच. मूत्रपिंड अशक्त असल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे पूर्वी रुग्णालयांनाही हे औषध ठेवण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे परवाने गोळा करावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीनंतर देशभर एकच पद्धत आली व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरेशी ठरली. आश्रमाने मात्र साठा करावयाचा नसतो. अशा संस्थेतून विशिष्ट रुग्णाच्या नावाने मिळालेल्या गोळ्या कुलपात ठेवणे, मोजून देणे, उरलेल्या परत करणे, एवढीच त्यांची जबाबदारी. ती समजली की अर्धी भीती जाते.

कूस बदलणे, शय्याव्रण टाळणे, कोरडे पडलेले तोंड ओल्या कापसाने टिपणे, हे विषय सेवकांना थोडेफार ठाऊक असतात. तेथे आम्ही फार वेळ घालवीत नाही. खाण्याविषयी मात्र बराच वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे जेवू घालणे म्हणजेच माया. आजींनी घास नाकारला की मावशींना आपणच कमी पडलो असे वाटते, आणि दूर राहणारा मुलगा फोनवरून नळी घालण्याचा आग्रह धरतो. शेवटच्या दिवसांत भूक व तहान मंदावणे हा शरीराच्या विझत जाण्याचाच भाग आहे. त्या अवस्थेत बळेने भरविलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन अधिक हाल होतात. चमचाभर पाणी, ओठांना तूप, आवडत्या पदार्थाची नुसती चव, हे चालते. घशातील घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते. बहुधा बेशुद्धीत असलेल्या रुग्णाला तिचा त्रास होत नाही. कुशीवर वळवावे, डोके थोडे उंच करावे. नळीने वारंवार ओढून काढण्याने फारसे साधत नाही.

आश्रमचालकांच्या शंका बहुतेक कायद्याविषयी असतात. मृत्यू आश्रमात झाला तर पोलीस येतील, ही त्यांची मुख्य धास्ती. दीर्घ आजारानंतर नैसर्गिक मृत्यू झाला व उपचार करणारे डॉक्टर ओळखीचे असले, तर ते रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी असलेल्या नमुना ४-अ मध्ये कारणाचा दाखला देतात आणि २१ दिवसांच्या आत नोंदणी होते. यासाठी आश्रमाने एक डॉक्टर आधीच नेमून ठेवला पाहिजे. आयत्या वेळी शोधाशोध केली की धावपळ अटळ. दुसरी शंका वैद्यकीय इच्छापत्राची. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ते ग्राह्य मानले व जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन स्वतंत्र साक्षीदारांसमक्ष स्वाक्षरी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. कृत्रिम जीवरक्षक उपचार न करण्याचा वा थांबविण्याचा निर्णय मात्र रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांनी घ्यावयाचा असतो, आश्रमाने नव्हे. सेवकांचे काम एवढेच की, असे पत्र कोठे ठेवले आहे ते माहीत असावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम अपेक्षिले आहेत व तेथील वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीच्या साधनांचाही उल्लेख केला आहे. वेदनेविषयी त्यात स्वतंत्र शब्द नाही, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

एक विषय अभ्यासक्रमात सुरुवातीस नव्हता. तो सेवकांनीच आणला. ज्या आजींना पाच-सहा वर्षे न्हाऊमाखू घातले, वेणी घातली, त्या गेल्यावर मावशींना सुतक नाही, रजा नाही आणि रडण्याची मुभाही नाही. दुपारी त्याच खाटेवर नवी चादर घालावयाची. बऱ्याच ठिकाणी इतर रहिवाशांना कळू नये म्हणून मृतदेह मागील दाराने नेतात. पण कळावयाचे राहत नाही, केवळ बोलता येत नाही. आता प्रशिक्षणाचा शेवटचा तास यासाठी राखून ठेवला आहे. एका आश्रमाने त्यानंतर आपण होऊन प्रथा बदलली. निरोप पुढील दारातून, सर्वांसमक्ष दिला जातो आणि तिन्हीसांजेला त्या खोलीत समई लावतात. आम्ही असे काही सुचविले नव्हते.

खर्चाच्या प्रश्नाकडे वळू. अतिदक्षता विभागातील खाट ज्याला खरोखर तिची गरज आहे त्याला मिळावी, ही विश्वस्तांची कायदेशीर आणि नैतिक, दोन्ही प्रकारची जबाबदारी आहे. तेथे एका रुग्णावर एका दिवसात जो खर्च होतो, त्याच्याशी तुलना करता आमच्या परिचारिकांचा प्रवासखर्च, छापील नोंदवह्या व चहा-नाश्ता ही रक्कम किरकोळ आहे. मात्र या कामातून बचत होते असा दावा आम्ही करीत नाही. आश्रमांतील पगार तुटपुंजे असल्याने शिकलेली माणसे टिकत नाहीत व प्रशिक्षण पुन्हा पुन्हा घ्यावे लागते.

सहभागी होऊ इच्छिणाऱ्या आश्रमांसाठी आमच्या अटी मोजक्या आहेत. सेवकांना त्या वेळेचा पगार द्यावा, कुलपाचे एक कपाट असावे, आणि केवळ व्यवस्थापकांना न पाठविता रात्रपाळीच्या मावशी-मामांना अवश्य पाठवावे. या उपक्रमाचा खर्च जमाखर्च पत्रकात रुग्णसेवेच्या शीर्षाखाली दाखविण्यात येतो.