सण्णदु कोडु!

हुबळीच्या विद्यानगरात ओळखीच्यांच्या फ्लॅटचं काम चालू होतं, मी सहज डोकावलो होतो. हॉलमध्ये घोड्यावर चढलेल्या मिस्त्रींनी नजर छतावरून न काढता नुसता हात खाली केला आणि ओरडले, ‘‘सण्णदु कोडु!’’ सण्णदु कोडु म्हणजे छोटी दे. खालच्या पोऱ्याने ड्रिलची छोटी बॅटरी वर दिली. तिच्या दुप्पट आकाराची, पूर्ण चार्ज झालेली मोठी बॅटरी तिथेच कट्ट्यावर बसून होती. मी महिन्याभरापूर्वी घरच्या ड्रिलसाठी ‘जरा मोठीच द्या’ म्हणून वरचे पैसे मोजून आलो होतो. ती हाक मला लागली म्हणा ना. दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत गेलो.

मिस्त्री खानापूर तालुक्यातले. पोऱ्यांशी कन्नड, फोनवर दुकानदाराशी हिंदी, माझ्याशी मराठी. काम फॉल्स सीलिंगचं: स्लॅबला भोकं पाडायची, चॅनल टांगायचे, त्यांना खालून जिप्समचे बोर्ड आवळायचे. स्क्रू आत शिरला की पांढरी भुकटी झरते आणि खोलीत शाळेचा वास सुटतो. आधी कळेना हा कसला ओळखीचा वास. मग आठवलं, फळ्यावरचे खडूही बहुतेक जिप्समचेच असतात.

‘‘दिवसाला चारशे स्क्रू धरा,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘मोठी आणि छोटी, फरक पाव किलोचा. चारशे वेळा पाव किलो म्हणजे किती झालं?’’

शंभर किलो.

‘‘एक क्विंटल! रोजचा जास्तीचा एक क्विंटल कशाला उचलायचा, तोही डोक्याच्या वर?’’

हा हिशोब पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना पटेलच असं नाही. पण मिस्त्रींचा उजवा खांदा पंचवीस वर्षं हेच करतोय आणि तो मास्तरांना विचारायला जात नाही.

मग मोठी बॅटरी असतेच कशाला? त्यासाठी तिच्या पोटात बघायला हवं. १८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. काही कंपन्या हीच बॅटरी ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकतात. नव्याने चार्ज झालेला सेल जरा वर चढलेला असतो, त्याचा तो आकडा, बाकी काही नाही. छोटीत, म्हणजे दोन अँपिअर-अवरच्या बॅटरीत, अशी एकच ओळ. पाचच्या बॅटरीत सहसा दहा सेल, दोन ओळी शेजारी शेजारी. गाडीला एक बैलजोडी जुंपली की दोन, एवढाच प्रश्न. दोन जोड्या लांब तर जातातच, पण चढावर त्यांचा खरा उपयोग: ओझं वाटून घेतलं की कुणीच गुडघे टेकत नाही. गोल करवत किंवा ग्राइंडर जोरात करंट ओढतो तेव्हा छोटीतले पाच सेल तापतात, व्होल्टेज खाली येतं आणि मशीन मध्येच गप्प होतं. म्हणून स्लॅबला भोकं पाडताना मिस्त्रीही मोठीच लावतात, हात वर असला तरी. ‘‘भोकं चाळीस. स्क्रू चारशे,’’ म्हणाले. आकडा पुन्हा तोच.

बैलांवरून आठवलं. दुर्गदबैलच्या बाजारात (या नावातला बैल म्हणजे कन्नड बयलु, मोकळं मैदान, जनावराचा संबंध नाही) एका दुकानात मला ४८ असा ठसठशीत आकडा छापलेली स्वस्त बॅटरी दाखवली गेली होती. मिस्त्रींनी तसलीच एक फुटकी बॅटरी पिशवीतून काढून उघडून दाखवली. मी मोजले. सेल पाच. पाच सेलांतून ४८ व्होल्ट काढायचे तर चमत्कारच लागेल. मुकाट्याने वही मिटली.

दुपारी दीडच्या सुमाराला छोटी उतरली. काढलेली बॅटरी पोऱ्याने लगेच चार्जरला लावली नाही. आधी माठाशेजारच्या गार फरशीवर ठेवली. तापलेल्या लिथियमला चार्ज करणं त्याच्या आयुष्याच्या मुळावर येतं. चांगला चार्जर स्वतःच थांबून राहतो, साध्याला तेवढी अक्कल नसते. तोवर दुसरी छोटी वर गेलेली. तीन छोट्या फिरत्या, एक मोठी राखीव, असा मिस्त्रींचा संसार. ‘‘लाइट नसलेल्या साइटला उलटं करतो, मोठ्या जास्त नेतो,’’ हे त्यांनी जाता जाता सांगितलं. पण सांगताना चेहरा असा केला की तसली साइट त्यांना मनापासून नको असावी.

तिसऱ्या दिवशी गेलो ते खरं तर त्या वासासाठी. मिस्त्रींनी ड्रिलला मोठी लावली, माझ्या हातात दिलं आणि घोड्याकडे बोट केलं. ‘‘चढा सर. एक बोर्ड तुमचा.’’

पहिले तीन स्क्रू झोकात बसले. पाचव्याला कोपर थरथरलं. भुकटी डोळ्यांत, मान मागे आणि मोठीचं ते वजन मुठीखाली लोंबतंय. सातव्यानंतर हात खाली घेतला, पुन्हा वर केला. नववा वाकडाच शिरला, बोर्डाचा कागद फाडून.

मी काही बोललो नाही. नुसता हात खाली केला. पोऱ्या हसला आणि न सांगता छोटी वर दिली.