जुन्या जपानी मोटारसायकलींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी वापरतो. पडकी भिंत उभारावयाची, कळस पुन्हा बसवावयाचा, परंतु गाभारा हलवावयाचा नाही, असा त्याचा संकेत आहे. तोच शब्द आज आम्ही एका यंत्राला लावणार आहोत. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची दोन सिलिंडरांची जपानी मोटारसायकल पुन्हा चालती करणे हे काम त्याच जातीचे आहे, असे आम्हांस अनुभवाने वाटू लागले आहे.

आरंभ एका जुन्या हकिकतीने करू. १८८७ साली जपानमधील हामामात्सू गावच्या एका शाळेतील परदेशी ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करण्यासाठी तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराला बोलावण्यात आले. ऑर्गन उघडून पाहताना त्याला त्याची रचना उमगली, आणि पुढे तो स्वतःच वाद्ये बनवू लागला. त्यातून उभ्या राहिलेल्या वाद्यांच्या कारखान्याने १९५५ साली मोटारसायकली बनविण्यास प्रारंभ केला. या गाड्यांच्या टाकीवर तीन स्वरकाट्यांचे जे चिन्ह दिसते, ते त्या वाद्यांच्या धंद्याचे. तात्पर्य, या घराण्याचा उगमच एका दुरुस्तीत आहे.

या घराण्यातील एक प्रसिद्ध गाडी म्हणजे १९७३ सालची आर.डी. ३५०. हिचेच भारतीय रूप एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून 'राजदूत ३५०' या नावाने बाजारात आणले. मूळ जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती; आपल्याकडे ती प्रथम ३०.५ व पुढे २७ पर्यंत उतरविण्यात आली. पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रमचा ब्रेक आला. किंमत जास्त आणि पेट्रोलची भूक मोठी, यामुळे ही गाडी त्या काळी फारशी खपली नाही. ज्यांनी तेव्हा नाके मुरडली, त्यांचीच मुले आज ती शोधीत हिंडतात, ही गंमत निराळी.

आता तिच्या पोटात काय आहे ते पाहू. दोन सिलिंडर शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकाचा व्यास ६४ मिलिमीटर व पिस्टनची धाव ५४ मिलिमीटर. दोन्ही मिळून ३४७ घन सेंटिमीटर. इंजिन टू-स्ट्रोक आहे. अशा इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खालच्या, क्रँकच्या कोठीत शिरते, आणि पिस्टन खाली आला की तेथून दाबाने वर ढकलले जाते. म्हणजे ती कोठी हा एक भाताच होय. मिश्रण आत घेण्याच्या वाटेवर पोलादाच्या पातळ पट्ट्यांच्या झडपा असतात. त्या आतल्या बाजूस उघडतात आणि उलट दाब आला की मिटतात. ज्यांनी हार्मोनियम उघडून पाहिली आहे, त्यांना भाता आणि पट्टी ही जोडी परकी वाटणार नाही.

पेटीचा भाता फाटला तर स्वर नीट लागत नाही, एवढेच नुकसान. येथे मात्र भाता फुटला तर प्राणावर बेतते. हे आम्ही पुस्तकात वाचले होते. कळले मात्र खंबाटकीच्या घाटात. आमची पहिली गाडी आम्ही मोठ्या हौसेने सिद्ध केली होती. टाकीला नवा रंग, सायलेन्सरला क्रोम, पिस्टनला नव्या रिंगा. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सीले मात्र 'दिसायला ठीक आहेत' म्हणून तशीच ठेवली. घाट चढताना इंजिनाचा आवाज एकाएकी तीक्ष्ण झाला आणि मागचे चाक जागीच थबकले. मागे आमचा भाचा बसला होता. क्लच वेळीच दाबला गेला, म्हणून आज हे सांगावयास उभे आहोत.

इंजिन उघडले तेव्हा डावा पिस्टन सिलिंडरला घासून पकडलेला होता. कारण एका रबरी कड्यात सापडले. गाडी वर्षानुवर्षे उभी असल्यामुळे जनित्राच्या बाजूचे सील वाळून कडक झाले होते. तेथून हवा आत ओढली जाई. हवा वाढली की मिश्रण क्षीण होते, क्षीण मिश्रणाने उष्णता वाढते, आणि तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो. उलट क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरपेटीतील तेल आत जाऊन पांढरा धूर निघतो. ते निदान डोळ्यांनी होते. हवेची गळती मात्र मुकी असते. म्हणून इंजिनाची तोंडे बंद करून आत सुमारे सहा पौंड दाबाची हवा भरावी, आणि ती काही मिनिटे टिकते का, हे पाहावे. एवढी परीक्षा केली असती, तर तो घाटातला प्रसंग टळला असता.

दुसरी गोष्ट तेलाची. या इंजिनाला तेल एका लहान पंपाने मिळते. इंजिनाची गती व मुठीचा पीळ या दोहोंच्या मानाने तो ते कमीजास्त पुरवितो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर एक सिलिंडर उपाशी राहतो. तेव्हा बुडबुडे काढावे, आणि पहिल्या टाकीत थोडे तेल पेट्रोलमध्येही मिसळावे.

तिसरी गोष्ट जोडीची. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जाला मिळवितात. त्यांत केसाइतका फरक पडला तरी कान अस्वस्थ होतो. दोन सिलिंडरांचेही तसेच आहे. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर आणि ठिणगीचे स्वतंत्र पॉइंट आहेत. पिस्टन शिखरापासून २ मिलिमीटर खाली असताना ठिणगी पडावी, असा नियम आहे. तो दोन्हीकडे निरनिराळा मोजून लावावा लागतो. दोन्ही कार्ब्युरेटरांच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. नाही तर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा त्याच्या अंगावर रेलतो.

टाकीचा गंज काढण्यास घरगुती उपायही चालतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी भरून, टाकीला न टेकणारी लोखंडी सळई आत सोडावी. बॅटरी चार्जरचे ऋण टोक टाकीला व धन टोक सळईला जोडावे. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी ओढते व जुन्या रबराला मानवत नाही, हे ध्यानात ठेवून नळ्या नव्या घालाव्या आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

कोणी विचारील, मग मूळचे ते काय राहिले? आमचे उत्तर असे की, झिजणे हाच ज्यांचा धर्म, ते भाग बदलावे. ज्यांत कारागिराचा विचार साठला आहे, ते जपावे. सील, नळी, पॉइंट हे पहिल्या वर्गातले. सांगाडा, इंजिनाची कोठी, टाकीचा आकार हे दुसऱ्या. ब्रेकच्या बाबतीत मात्र मूळपणाचा हट्ट जिवापेक्षा मोठा मानू नये.

आणि काहीही बदलण्यापूर्वी ते का बिघडले, हे विचारावे. नुसती वस्तू बदलली तर बिघाड परत येतो. कारण समजले तर माणूस शहाणा होतो. हामामात्सूच्या त्या कारागिराने शाळेचा ऑर्गन दुरुस्त करून दिला खरा. पण परत येताना त्याने बरोबर आणली ती समज. आमच्या पदरी ती एका वाळलेल्या रबरी कड्याने घातली. ते कडे आम्ही अद्याप हत्यारांच्या पेटीत जपून ठेवले आहे. नवी गाडी उघडावयास घेतली की आधी ते बाहेर काढून ठेवतो, आणि मगच पान्याला हात घालतो.