विद्यार्थी कल्याणाच्या टेबलावर तीन महिने

स्मरणिकेसाठी 'शिक्षणावर काहीतरी लिहा' असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपल्याकडे दर 14 एप्रिलला भाषणे होतात व ती आमच्यापेक्षा चांगली होतात. म्हणून त्या वाटेला न जाता शिक्षणामागच्या कागदपत्रांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे ठरविले. आम्ही बँकेतले कारकून. कागद हाच आमचा धंदा.

1998 साली बी.ए.ला असताना आम्हाला विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात 'कमवा व शिका' खाली तीन महिने काम मिळाले. हल्ली याला इंटर्नशिप म्हणतात, तेव्हा उमेदवारी म्हणत. काम म्हणजे अर्ज घेणे, आवक रजिस्टरला नोंद करणे, शिक्का मारणे आणि साहेबांच्या टेबलावर फायली नेऊन ठेवणे. त्याच वर्षी 1 जुलैला आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला होता. आपल्या भागातली मुले अर्जावर जिल्हा कोणता लिहावा म्हणून पेन हातात धरून उभी राहत, त्यांना 'दाखल्यावर असेल तो लिहा' असे सांगणे हेही एक कामच होते.

विद्यापीठ शिकविते आणि परीक्षा घेते, ही दोन कामे सर्वांना दिसतात. तिसरे काम दिसत नाही. मुलगा राहणार कुठे, जेवणार काय, फी कशी भरणार, आजारी पडला तर कोण पाहणार, त्याच्यावर अन्याय झाला तर तो कोणाकडे जाणार, हे सगळे त्या तिसऱ्या कामात येते. 1994 च्या विद्यापीठ कायद्यात त्याला विद्यार्थी कल्याण म्हणत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 आल्यापासून विद्यार्थी विकास मंडळ व त्याचे संचालक असे नाव झाले. पाटी बदलली तरी टेबल तेच आहे.

आपल्या समाजाला हे काम नवे नाही. बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. सिद्धार्थ महाविद्यालय 1946 चे, औरंगाबादचे मिलिंद 1950 चे. म्हणजे मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय अगोदर आणि कॉलेज वीस वर्षांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही साताऱ्यात बोर्डिंग 1924 मध्ये काढले, छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 मध्ये. हा क्रम सहज पडलेला नव्हता असे आम्हांस वाटते.

खुद्द बाबासाहेबांची शिष्यवृत्ती 1917 मध्ये संपली व लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाची परवानगी मिळविली, की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. 1920 मध्ये ते परत गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. शिक्षण थांबले होते, सुटले नव्हते, याचे कारण ती परवानगी.

आता आमच्या टेबलाकडे येऊ. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगा टी.सी.चा अर्ज कोणाकडे द्यायचा म्हणून विचारायला आला. टी.सी. महाविद्यालय देते, आमच्याकडे त्याचे काम नव्हते. आम्ही तसे सांगून मोकळे झालो. शेजारच्या टेबलावरचे जुने बाबू मात्र चष्मा वर करून म्हणाले, "काहून नेतोस रे टी.सी.? कुठं ॲडमिशन घेतली?" ॲडमिशन कुठेच घेतलेली नव्हती. मेसचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते आणि शिष्यवृत्ती आली नव्हती. त्याच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा लागला होता, एवढीच गोष्ट. नवा दाखला आणला, मेसवाल्याला विभागाकडून सांगितले आणि मुलगा राहिला. त्या दिवसापासून 'काहून' हा प्रश्न आम्ही शिकलो. मुले एक गोष्ट मागतात, पण त्यांची अडचण दुसरीच असते.

दुसरा प्रसंग सांगायला जड जाते. खेड्यावरून एक मुलगी वसतिगृहाच्या अर्जाची चौकशी करायला आली. साहेब बैठकीत होते. आम्ही सवयीने म्हणालो, "सोमवारी या." तिने एसटीच्या भाड्याचा हिशेब मनात केला असावा, कारण ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. सोमवारी ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. तिचा अर्ज घेऊन पोच द्यायला आम्हाला दोन मिनिटे लागली असती आणि त्यासाठी साहेबांची गरजच नव्हती. नाव रजिस्टरला नाही म्हणून पत्ताही नाही. तो दोष कार्यालयाचा नव्हता, आमचा होता.

आज आम्ही काउंटरच्या या बाजूला आहोत आणि तीच मुले समोर येतात. "काका, स्कॉलरशिप आली काय हो?" आता अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि पैसे थेट खात्यात येतात. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के असतो. दोन्ही हिस्से वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे एक हप्ता दिसला की सगळे आले असे समजू नये.

खरी मेख आधारची आहे. एकाच आधार क्रमांकाची नोंद अनेक खात्यांवर असू शकते. परंतु सरकारी पैसा त्यातल्या एकाच खात्यात जातो. ज्या बँकेत संमती देऊन शेवटी आधार 'सीड' केले, तिथे. मध्यंतरी एक मुलगा पैसे आले नाहीत म्हणून चार वेळा आला. चौथ्या वेळी आम्ही जुन्या बाबूंसारखे विचारले, "सिमकार्ड घेताना कुठं अंगठा दिला होता काय?" दिला होता. मोबाइलच्या दुकानात त्याचे दुसरेच खाते उघडले होते आणि वर्षभराची शिष्यवृत्ती त्यात आठ महिने पडून होती. तोपर्यंत त्याच्या बापाने सोयाबीनवर उसने काढून फी भरलेली होती. कोणत्या बँकेत आधार जोडलेले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. अर्ज भरण्याअगोदर ते पाहावे.

शाळेत असताना उघडलेले खाते अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नव्या सहीने व केवायसीने चालू करून घ्यावे लागते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2024 पासून यातून सूट दिली आहे. साध्या बचत खात्याला ती नाही. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृह मिळाले नाही म्हणून घरी परतलेल्या कित्येकांनी तिचे नावही ऐकलेले नसते.

तक्रारीचे दोन शब्द. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे व तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल दिला पाहिजे. त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पण दिवस मोजायचे तर तारीख हवी, म्हणून तक्रार लेखी द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. शिक्षण मध्येच थांबवावे लागले तर तेही न सांगता थांबवू नये. 2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स निघाली आहे. मिळविलेले क्रेडिट तिथे साधारणतः सात वर्षांपर्यंत जमा राहतात. (या बँकेत आमची बदली होत नाही, एवढाच काय तो दोष!)

कामरगाव परिसरातल्या ज्या विद्यार्थ्यांचे खाते, आधार किंवा हप्ता अडला असेल, त्यांनी पासबुक व महाडीबीटीच्या अर्जाची प्रत घेऊन आमच्याकडे यावे. खाते दुसऱ्या बँकेत असले तरी चालेल. जून-जुलैत मात्र सकाळी अकराच्या आत यावे, नंतर पीककर्जाची रांग लागते.