फोनवरची 'अटक' आणि कलम २२

ग्रॅच्युइटीची रक्कम नुकतीच खात्यात जमा झालेला निवृत्त कर्मचारी ठगांना नेमका हवा असतो. आपल्या समाजात शिकून नोकरीला लागलेली पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. आयुष्याची ती एकच पुंजी!

फोन येतो, 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले.' मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे सरकारी बोधचिन्ह. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेरा बंद करू नका. घरात कुणाला सांगू नका. पैसे तपासणीसाठी या खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.'

फसलेल्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्यांना अत्याचाराची साधी फिर्याद नोंदवून घेण्यासाठीही मोर्चे काढावे लागले, त्यांच्या मनात वर्दीची धास्ती उगाच बसलेली नाही. ठग याच धास्तीवर जगतो.

परंतु तिच्यावरचा उतारा आपल्या घरातील संविधानातच आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम १५-अ मांडले. तेच आजचे कलम २२. अटक केलेल्याला कारण सांगितले पाहिजे, त्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. आता ठगाचे वाक्य याच्याशी ताडून पाहा. 'कुणाला सांगू नका' म्हणतो, तिथेच तो उघडा पडतो! 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही.

हरियाणातील अंबाला येथील वृद्ध दाम्पत्याला तर सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तेव्हा शिक्का-सही पाहून भुलू नये.

असा फोन सरळ ठेवून द्यावा. ठेवला म्हणून कुणी वॉरंट काढत नाही. शंका राहिलीच तर मुलाला, शेजाऱ्याला सोबत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. पैसे गेले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० वर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच ती गोठवता येते. रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय कार्यकर्त्यांनी काढावा, आणि १९३० हा आकडा तिथल्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावा.